डबल ओची बखर

इंग्रजी स्पेलिंगाला नावे ठेवण्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गेल्या. ‘फूड’मधला डबल ओ लांब, ‘गुड’मधला आखूड आणि ‘ब्लड’मध्ये तर तो चक्क अकार होऊन बसतो! पोरांनी पाठ तरी काय करावे? पण हा डबल ओ आणि त्याची धाकटी बहीण डबल ई या जोडीने एके काळी आपल्या गावांची, आपल्या भाषेची, फार काय आपल्या घराण्यांचीही नावे लिहून ठेवली आहेत. म्हणून सणाच्या दिवशी फराळाबरोबर ही बखर वाचायला हरकत नाही.

मुळात ही जोडी वेडीवाकडी नव्हती. जुन्या इंग्रजीत ‘मून’चा उच्चार ‘मोन’च्या जवळचा होता, ओकार लांबवावा, एवढेच त्या दोन ओंचे सांगणे. डबल ई तशीच एकाराची. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजांची जीभ बदलू लागली. ओकाराचा ऊ झाला, एकाराचा ई झाला. त्याच शतकात, १४७६ साली, कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि छापलेले स्पेलिंग हळूहळू जागच्या जागी थिजले. उच्चार पुढे गेला, अक्षरे मागे राहिली. ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’, ‘टूथ’चे ‘टीथ’ ही तर त्याहूनही जुनी वहिवाट.

अशी ही अक्षरे घेऊन साहेब आपल्या किनाऱ्याला लागला. जॉन फ्रायर नावाचा एक वैद्य १६७५ साली मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून कल्याणवरून घाट चढून जुन्नरला गेला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापून निघाले. त्यात कल्याण आहे ते ‘गुलिअन’सारखे, मध्ये डबल एल घालून! त्याच पुस्तकात मुंगूसही भेटते. इंग्रजी ‘मंगूस’ हा शब्द आपल्या मुंगसावरून गेला असे कोशकार मानतात. त्यालाही डबल ओ मिळाला. पण मुंगूस काही बदक नव्हे, म्हणून त्याचे ‘मंगीस’ होत नाही.

इंग्रजांचे राज्य पसरले तसा कारभार वाढला आणि नावे कशी लिहावीत हा मोठाच प्रश्न झाला. सर विल्यम जोन्सने १७८८ साली एक पद्धत सुचवली: अकाराला ए, इकाराला आय, उकाराला यू, आणि दीर्घ असेल तर वर खूण. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातल्या जॉन गिलख्रिस्टची तऱ्हा वेगळी. इंग्रजाच्या कानाला चटकन कळावे म्हणून त्याने ई-ऊसाठी डबल ई आणि डबल ओ घेतले, तर आपल्या अकाराला यू दिला. ‘सती’ या शब्दाचे साहेबी स्पेलिंग पाहा: एस्‌-यू-डबल टी-डबल ई. यू म्हणजे अ. मागचा स्वर आखूड राहावा म्हणून डबल टी. आणि डबल ई म्हणजे ई. बिचाऱ्या दोन अक्षरांच्या शब्दावर केवढा हा बोजा!

आपली भाषाही यातून सुटली नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात ‘मराठी’ शब्दाच्या शेवटी डबल ई होती आणि ‘म’पुढे यू. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तीच मराठी ए आणि आय घेऊन आली. सव्वीस वर्षांत, एकाच कोशाच्या मुखपृष्ठावर, जोन्सने गिलख्रिस्टवर मात केली! टिळकांच्या मंडळींनी १८८१ मध्ये काढलेल्या इंग्रजी पत्राने मात ‘मराठा’ हे नाव जुन्या वळणाच्या डबल टीनेच लिहिले.

सरकारदरबारी निकाल लागला तो विल्यम हंटरच्या हातून. त्याने १८७१ च्या सुमारास जोन्सच्या वाटेने नियम घालून दिले; पण जी नावे जगाच्या तोंडी बसली होती ती तशीच ठेवली. म्हणून १८१७ च्या लढाईतली खडकी डबल ईची राहिली आणि पुणे डबल ओचे ‘पूना’ राहिले. वास्तविक पुण्याचा उकार ऱ्हस्व! पण १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या इंग्रजी नावातही तो डबल ओच होता. सरकारी कागदावरचे ‘पूना’ गेले ते १९७० नंतरच्या दशकात.

आमच्या आसनगावला आगगाडी पोहोचली १८६० साली. स्टेशनच्या इंग्रजी पाटीवर आज एकही जोडअक्षर नाही. शहापूर, मुरबाड, कसारा, सारे एकेरी. दिसायला सुटसुटीत खरे. पण हंटरच्या पद्धतीतल्या दीर्घाच्या खुणा पाट्यांवरून केव्हाच गळाल्या. परका माणूस ‘आसन’ वाचील की ‘असन’, हे आता त्या पाटीला सांगता येत नाही.

आणि गंमत अशी, की गावे जोन्सच्या वाटेने गेली तरी माणसे गिलख्रिस्टलाच धरून राहिली! दीपक, नीलम, पूजा, पूनम यांना आईबापांनी हौसेने डबल ई, डबल ओ दिले. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. खूण गेल्यावर दीर्घ दाखवायला दुसरे उरले तरी काय? एका ‘आय’ने लिहिलेला दीपक कोणी ‘दिपक’ही वाचील.

फक्त एक पथ्य सांभाळावे. शाळेच्या दाखल्यावर डबल ई, आधारकार्डावर आय आणि बँकेच्या पुस्तकात आणखी तिसरेच, असे झाले की एकाच माणसाची तीन माणसे होतात. मग प्रतिज्ञापत्रे, तहसीलचे खेटे आणि अडकलेली शिष्यवृत्ती. हा त्रास गरिबाला अधिक, कारण एका दिवसाच्या खेट्यात त्याची एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पहिलीत नाव घालताना मास्तरांनी लेखणी क्षणभर थांबवावी, आईला विचारावे, आणि जे ठरेल ते तिला कागदावर लिहून द्यावे. जोन्स चालेल, गिलख्रिस्टही चालेल. पण जो घ्याल तो जन्मभर एकच असू द्या. पुण्याला आपले नाव परत मिळवायला स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे लागली. आदिवासी पाड्यावरच्या पोरीला तेवढी सवड नसते.