तोफांचे नांगर आणि भंगाराचा पत्रा

बेळगावच्या बाजारात काय किंवा निपाणीच्या पेठेत काय, भंगाराच्या दुकानासमोरून जाताना आपली पावले सहसा थबकत नाहीत. गंजलेले पत्रे, वाकलेल्या सळया, मोडक्या सायकली यांत पाहण्यासारखे ते काय असणार? परंतु आमच्या या सीमाभागाच्या उद्योगाचा इतिहास चाळू गेल्यास त्यातील एक मोलाचे प्रकरण अशा मोडीच्या लोखंडाशी निगडित असल्याचे दिसून येते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८८ हे त्यांच्या उद्योगाच्या आरंभाचे वर्ष मानले जाते. बेळगावात त्यांनी प्रथम सायकलींचे दुकान थाटले. मग कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यामागून लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण गिऱ्हाईक फिरकेना! लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

नांगराचा जम बसतो न बसतो तोच १९१४ साली महायुद्ध पेटले. साकची येथील टाटांच्या कारखान्यातून पोलाद बाहेर पडू लागून तेव्हा अवघी दोनच वर्षे झाली होती. त्या कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियाच्या रणभूमीकडे जाऊ लागले. परदेशचा माल तर आटलाच. ओतशाळा उभी, कारागीर हजर, शेतकऱ्यांची मागणी दारात, आणि ओतावयास लोखंड नाही! अशा वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज साहाय्यास आले. संस्थानातील किल्ल्यावर निरुपयोगी होऊन पडलेल्या जुन्या तोफा त्यांनी किर्लोस्करांना दिल्या, आणि त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. तलवारींचे फाळ होतील, हे यशया संदेष्ट्याने रंगविलेले चित्र आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकत आलो आहोत. युरोपात तोफा धडधडत असताना ते प्रत्यक्षात उतरावे आणि तेही आमच्या शेजारी, याचे मला नेहमीच नवल वाटते.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ओतीव तोफ आणि ओतीव नांगर दोन्ही बिडाचे. बिडात शेकडा तीन-चार भाग कर्ब असतो. म्हणून ते लवकर वितळते, साच्यात सुरेख उतरते, पण घणाखाली फुटते. ज्या पोलादाचा पत्रा लाटावयाचा त्यात कर्ब पाव टक्क्याहूनही कमी लागतो, आणि त्याचा रस होण्यास सुमारे १६०० अंश सेल्सियसची उष्णता हवी. साध्या भट्टीचे हे काम नव्हे. १८५६ साली बेसेमरने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद केले. परंतु त्याच्या पात्रात भंगार थोडेच खपे. १८६५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्टिन याने सीमेन्सची उष्णता राखणारी भट्टी वापरून बिडाबरोबर भंगारही वितळविले आणि मोडीच्या लोखंडाला प्रथमच खरी किंमत आली. विसाव्या शतकाच्या आरंभी एरू या फ्रेंच शास्त्रज्ञाने विजेची भट्टी व्यवहारात आणली. ग्रॅफाइटचे जाड दांडे, त्यांच्या टोकांशी कडाडणारी विद्युतज्योत, आणि खाली नुसते भंगार. त्यास बिडाची गरजही उरली नाही.

मग भंगारापासून पत्रा त्याच काळी का झाला नाही? सळया झाल्या, आमच्या जालन्याच्या सळयाही भंगारातूनच होतात. पत्र्याची गोष्ट निराळी. भट्टीत चुना टाकला, प्राणवायू फुंकला की फॉस्फरससारखी घाण मळीवाटे निघून जाते. तांबे मात्र निघत नाही, कारण लोखंडाआधी ते जळतच नाही. भंगारातून आलेले तांबे रसात मुरून राहते. पुढे लादी लाटण्यासाठी बाराशे अंशांपर्यंत तापविली की पृष्ठभागावरचे लोखंड गंजून पापुद्रे सुटतात आणि त्यांखाली तांबे साठते. ते हजार-अकराशे अंशांतच वितळत असल्याने पोलादाच्या कणाकणांमध्ये शिरते, आणि लाटताना पत्र्याला चिरा पडतात. सळईत हा दोष बराच खपून जातो. मोटारीच्या पत्र्यात खपत नाही.

दुसरी अडचण जाडीची होती. लादी वीतभर जाड ओतावयाची, मग पुन्हा तापवून अवाढव्य रुळांखाली लाटीत न्यावयाची, हा खटाटोप मोठ्या कारखान्यांनाच परवडे. १९८९ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातील क्रॉफर्ड्सव्हिल येथे न्यूकॉर कंपनीने अवघी दोन इंच जाडीची लादी अखंड ओतून, ती थंड होण्यापूर्वीच लाटून पत्र्याच्या गुंडाळ्या करून दाखविल्या, आणि भट्टीत भंगार! हीच पातळ लादीची पद्धत पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात डोलवी येथेही आली. ज्या पत्र्याची गुंडाळी होते ती कॉइल. जाड राहतो तो तक्ता म्हणजे प्लेट, आणि तो जहाजांना, पुलांना व बाष्पपात्रांना जातो.

तरीही तांब्याचा प्रश्न सुटला असे नाही. स्वच्छ भंगार निवडणे, किंवा खनिजापासून केलेले स्पंज लोखंड मिसळून तांब्याचे प्रमाण उतरविणे, हेच त्यावरचे उपाय आहेत. म्हणून पत्र्याचा दर्जा भट्टीजवळ ठरतो असे मानणे मला अपुरे वाटते. भंगाराच्या दुकानात उकिडवा बसून जुन्या मोटारीची गुंडाळी फोडणारा, तांब्याची तार एका पोत्यात आणि लोखंडाचे पत्रे दुसरीकडे टाकणारा जो पोरगेला माणूस आपण पाहतो, त्याला तांब्याचा भाव अधिक मिळतो म्हणून तो तसे करतो. पोलादाच्या रसातून कोणतीही भट्टी जे सहजी काढू शकत नाही, ते त्याच्या पकडीने तेथेच निघालेले असते.