उवांचे औषध आणि खोकल्याची बाटली : लिंडेनचा इतिहास

१/ १८२५ मध्ये मायकेल फॅरडे यांनी सूर्यप्रकाशात बेन्झिन आणि क्लोरीन यांचा संयोग घडवून एक नवा पदार्थ तयार केला. शतकभर तो प्रयोगशाळेतच पडून राहिला. १९१२ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ व्हान डर लिंडेन यांनी त्यातील 'गॅमा' घटक वेगळा केला. त्यांच्याच नावावरून पुढे तो 'लिंडेन' म्हणून ओळखला गेला.

२/ त्याचा कीटकनाशक गुण ध्यानात आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटनमध्ये. आपल्याकडे घरोघरी परिचित झालेली 'गॅमेक्सिन' पावडर याच कुळातली. युद्धानंतर शेतातील हे द्रव्य माणसाच्या केसांपर्यंत पोहोचले. उवा आणि खरूज यांवर १ टक्का लिंडेनचे शाम्पू व लोशन डॉक्टर लिहून देऊ लागले.

३/ मेंदूतील उत्तेजनाला लगाम घालणारा 'गाबा' या रसायनाचा संदेश लिंडेन अडवते. लगाम सुटलेली मज्जासंस्था उवेला मारते. परंतु हाच लगाम माणसाच्या मेंदूतही असतो. म्हणूनच हे औषध पोटात गेल्यास उलट्या होतात, आकडी येते. लहान मुलांना धोका अधिक.

४/ डोक्याला लावायचे औषध पोटात जाते कसे? अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे १९९८ ते २००३ या काळात लिंडेन चुकून गिळल्याच्या ८७० घटना नोंदल्या गेल्या. औषधविक्रेते मोठ्या बाटलीतील लिंडेन लहान बाटल्यांत भरून देत. तशी बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवली की दोहोंतील फरक केवळ चिठ्ठीवरील अक्षरांपुरता उरे. घाईत ती अक्षरे वाचली जात नसत.

५/ २००२ मध्ये कॅलिफोर्नियाने औषध म्हणून लिंडेनवर बंदी घातली. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा सक्तीचा केला आणि बाटली १ ते २ औंसांपुरती, म्हणजे सुमारे ३० ते ६० मिलिलिटर, मर्यादित केली. एका वेळेपुरतेच औषध घरात जावे, उरलेले कपाटात राहू नये, हा त्यामागील विचार.

६/ २००९ मध्ये स्टॉकहोम करारात लिंडेनचा समावेश झाला. उवा व खरजेसाठी तेवढी मुदतीची सवलत राहिली. भारतात कीटकनाशक म्हणून त्याचे उत्पादन २०११ मध्ये आणि वापर २०१३ मध्ये थांबवण्यात आला.

७/ फॅरडे यांच्या प्रयोगापासून रेणू तोच होता. २००३ मध्ये बदलली ती बाटली. आणि चुकून घेतल्या जाणाऱ्या घोटाचा धोका मुळात त्या बाटलीतच दडलेला होता.