नागानोची खारवलेली भाजी आणि रेडिओची कवायत

श्रोतेहो, जपान हा दीर्घायुषी माणसांचा देश, असे आपण नेहमी ऐकतो. ऐकून वाटते, असेल तिथल्या हवापाण्याचाच गुण! पण त्या देशात नागानो नावाचा एक डोंगरी प्रांत आहे. त्याची हकिकत ऐकली म्हणजे ध्यानात येते, की हा गुण हवापाण्याचा कमी आणि माणसांच्या खटपटीचा जास्त.

नागानोला समुद्र नाही. चहूकडे उंच डोंगर आणि हिवाळ्यात बर्फ. शेते बर्फाखाली गेली की महिनोन् महिने ताजी भाजी दृष्टीस पडत नसे. म्हणून तिथल्या बायका हिवाळ्याच्या तोंडाशी मोहरीच्या जातीची एक पालेभाजी पिंपे भरभरून मिठात मुरवून ठेवीत. रोजचा दुसरा पदार्थ म्हणजे 'मिसो'. सोयाबीन मीठ घालून आंबवायचे आणि त्या लगद्याची आमटी करायची. पाहुणा आला तरी चहाबरोबर खारवलेली भाजी पुढे यायचीच.

हे मीठ माणसांना हिवाळाभर जगवी, आणि तेच त्यांना मारीही. मिठाने रक्ताचा दाब वाढतो. मग मेंदूतली एखादी नस फुटते किंवा तुंबते, आणि धडधाकट माणूस अर्धांगवायूने आडवा होतो. 1960 च्या दशकात अर्धांगवायूने होणाऱ्या मृत्यूंत नागानोचा क्रम सगळ्या देशात अगदी वरचा होता.

या प्रांतातल्या साकू गावच्या इस्पितळात 1945 साली तोशिकाझू वाकात्सुकी नावाचे डॉक्टर आले. इस्पितळ शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचे. डॉक्टरांनी पाहिले, की शेतकरी येतो तो दुखणे हाताबाहेर गेल्यावरच. ते म्हणत, खेड्यातला छुपा आजार दोन तऱ्हेचा असतो: एक, अंगावर काढलेला, आणि दुसरा, ज्याचा पत्ताच लागलेला नाही असा. आपल्या खेड्यापाड्यांतही ही दोन्ही दुखणी ओळखीची आहेत, नाही का?

मग डॉक्टर आणि त्यांचे सोबती गावोगाव जाऊ लागले. दिवसा रोगी तपासायचे आणि रात्री नाटक करायचे. नाटके डॉक्टर स्वतः लिहीत. व्याख्यानाला न येणारी माणसे नाटकाला मात्र येत. 1959 पासून याचिहो या गावात दर वर्षी सगळ्या गावाची तपासणी सुरू झाली. आजार होण्याआधीच तो शोधायचा, ही त्यामागची कल्पना. या कामासाठी वाकात्सुकींना 1976 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण एकट्या डॉक्टरने प्रांत बदलत नाही. 1945 सालीच याच प्रांतातल्या ताकाहो गावात बायका आरोग्य परिचारिकेच्या मदतीला पुढे आल्या होत्या. ती चाल पुढे गावोगाव पसरली. घरोघरच्या बायका पाळीपाळीने हे काम करीत, आणि पाळी संपली तरी शिकलेले त्यांच्या घरात राहून जाई. आहाराचे काम करणाऱ्या बायका आमटीतले खारटपण मोजण्याचे लहानसे यंत्र घेऊन दारोदार जात. "आमटी सोडा," असे त्या म्हणत नसत. त्या म्हणत, आमटीत भाज्या भरपूर घाला, म्हणजे पाणी कमी लागेल आणि मीठही आपोआप कमी होईल. 1980 नंतर तर मीठ कमी करण्याची मोहीमच प्रांतभर चालली. जोडीला रक्तदाबाची तपासणी होती, आणि थंडीत घरातली एक तरी खोली ऊबदार ठेवा, असा सांगावाही होता.

ही झाली पोटाची गोष्ट. आता हातापायांची.

नागानोची म्हातारी माणसे शेतावर जाणे सोडीत नाहीत. काम करणाऱ्या वृद्धांचे प्रमाण तिथे फार मोठे. शिवाय जपानभर एक सोय आहे, ती म्हणजे रेडिओची कवायत! 1 नोव्हेंबर 1928 रोजी ती सुरू झाली. युद्धकाळात तिला लष्करी शिस्तीचे रूप आले. युद्धानंतर ती काही वर्षे बंद पडली आणि 1951 साली नव्या रूपात परत आली. सकाळी साडेसहाला पियानो वाजू लागतो आणि लोक अंगणात, मैदानात हात वर करतात. जेमतेम तीन मिनिटांत तेरा प्रकार. उड्या न झेपणाऱ्यांसाठी 1999 साली आणखी सोपी कवायत निघाली. ती खुर्चीवर बसूनही करता येते.

याचे फळ काय? 1990 साली नागानोचे पुरुष आयुर्मानात देशात पहिले आले. 2010 साली पुरुष आणि बायका दोन्ही पहिल्या क्रमांकावर होते: पुरुष 80.88 वर्षे, बायका 87.18 वर्षे. पुढे पुरुषांत दुसऱ्या एका प्रांताने त्यांना मागे टाकले. म्हणजे धडा इतरांनीही गिरवला!

कोणी विचारील, नुसते चांगले खाल्ले तर भागणार नाही का? याचे उत्तर अमेरिकेत बोस्टन इथे मिळाले. सरासरी 87 वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या 100 अशक्त माणसांवर एक प्रयोग झाला. तो 1994 साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे देखरेखीखाली पायांना वजनाचा व्यायाम दिला, त्यांची ताकद दुपटीहून वाढली. ज्यांना नुसता पौष्टिक आहार जादा दिला, त्यांची तशी वाढली नाही. अन्न म्हणजे विटा आणि व्यायाम म्हणजे गवंडी. गवंड्यावाचून विटांचा ढीगच राहतो, आणि विटांवाचून गवंडी तरी काय बांधणार?

श्रोतेहो, आपल्याकडेही लोणचे आहे, पापड आहे, खारवलेली मिरची आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी मीठ 5 ग्रॅमच्या आत असावे; म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही सगळ्या पदार्थांतला मिळून. म्हातारपणी भूक मंदावते, म्हणून थोड्या घासांतच डाळ, उसळ, दूध, ताक, चालत असेल तर अंडे, असा कस हवा. आणि रोज थोडे चालणे, आधार धरून उठाबसा, भिंतीला हात लावून एका पायावर क्षणभर उभे राहणे. छातीचा किंवा दाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते: सकाळी शाळेच्या मैदानावर मुलांच्या कवायतीशेजारी आजीआजोबांसाठीही एक रांग असू द्या. "आता वय झाले, बसून राहा," असे प्रेमानेच आपण त्यांना सांगतो. नागानोच्या गावकऱ्यांनी आपल्या म्हाताऱ्यांना तसे सांगितले नाही.