प्रादेशिक भागीदार विमानकंपनी

प्रादेशिक भागीदार विमानकंपनी म्हणजे मोठ्या विमानकंपनीच्या नावाने व तिच्या तिकिटावर प्रत्यक्ष उड्डाण करणारी लहान विमानकंपनी होय. विमान, वैमानिक आणि देखभाल लहान कंपनीची, तर वेळापत्रक, भाडे आणि तिकीटविक्री मोठ्या कंपनीची, अशी विभागणी असते. प्रवासी ज्या नावावर विश्वासून तिकीट काढतो, ते नाव आणि विमान चालवणारा हात वेगवेगळे असतात, हा या पद्धतीवरील मुख्य आक्षेप आहे.

कराराचे स्वरूप

अमेरिकेत 'क्षमता-खरेदी करार' प्रचलित आहे. मोठी कंपनी उड्डाणामागे ठरावीक मोबदला देते. आसने रिकामी राहिल्यास तोटा तिचाच. इंधनाचा खर्चही बहुधा तीच सोसते. साहजिकच लहान कंपनीला नफ्यासाठी उरलेला खर्च आवळावा लागतो आणि त्यात वेतनाचा वाटा मोठा असतो. डेल्टा कनेक्शन, अमेरिकन ईगल व युनायटेड एक्सप्रेस ही व्यापारनामे असून स्कायवेस्ट ही एकच कंपनी या तिन्ही नावांखाली उड्डाणे करते. 'वेट लीज' प्रकारात विमान कर्मचारी, देखभाल व विमा यांसह भाड्याने घेतले जाते. केबिन कर्मचारी भाडेकरू कंपनीचे असल्यास त्यास 'डॅम्प लीज' म्हणतात.

भारतातील स्थिती

इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी अलायन्स एअर १९९६ मध्ये सुरू झाली. पुढे तिची एटीआर विमाने लहान शहरांकडे एअर इंडियाच्या नावाने उडत. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली; एप्रिल २०२२ पासून तिची तिकिटे स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर व ॲम्स्टरडॅमला सुरू केलेली सेवा नॉर्स अटलांटिक या नॉर्वेजियन कंपनीच्या भाड्याच्या बोइंग ७८७ विमानांनी चालवली. तिने तुर्की एअरलाइन्सकडूनही बोइंग ७७७ विमाने घेतली होती. मे २०२५ मध्ये भारत-तुर्कस्तान संबंध ताणले गेल्यावर या कराराला मर्यादित मुदतवाढच मिळाली.

सोलापूर विमानतळावरून २०२५ मध्ये फ्लाय९१ ने गोव्यासाठी व स्टार एअरने मुंबईसाठी सेवा सुरू केली. या लहान कंपन्या स्वतःच्याच नावाने उडतात, म्हणून त्या या व्याख्येत बसत नाहीत. रेल्वेत याच जिल्ह्यातील माढा तालुक्यात तसेच उदाहरण आढळते: कुर्डूवाडीला मुख्य लोहमार्गाशी जोडलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ पासून निराळी खाजगी कंपनी चालवत असे, पण तिकिटावर नाव तिचेच असे.

उत्तरदायित्व

१२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कॉन्टिनेंटल कनेक्शनचे ३४०७ क्रमांकाचे विमान कोसळून विमानातील ४९ व जमिनीवरील एक अशा ५० जणांचा मृत्यू झाला. विमानावर कॉन्टिनेंटलचे नाव होते. चालवत होती कोलगन एअर. वैमानिकाने चुकीचा प्रतिसाद दिल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला आणि प्रादेशिक वैमानिकांचा थकवा, अपुरे प्रशिक्षण व तुटपुंजे वेतन चर्चेत आले. मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केल्यामुळे २०१० मध्ये नवा कायदा झाला. सहवैमानिकासही सर्वसाधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणानुभवाची अट २०१३ पासून लागू झाली.

आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराने तिकीट देणारी व प्रत्यक्ष वाहून नेणारी अशा दोन्ही कंपन्यांना जबाबदार धरले आहे. पहिलीची जबाबदारी संपूर्ण प्रवासाची, दुसरीची तिने केलेल्या टप्प्यापुरती. प्रवासी दोहोंपैकी कोणावरही, किंवा दोघींवर मिळून दावा लावू शकतो. भारत २००९ मध्ये या करारात सामील झाला. प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या कंपनीचे नाव तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' या शब्दांपुढे, बहुधा बारीक अक्षरांत, छापलेले असते.