‘१८-५५’ची कुळकथा

पहिला डीएसएलआर घेतला की बॉडीबरोबर खोक्यात बहुधा १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स असते. हलकी, प्लास्टिकची, आणि जाणकारांनी नाक मुरडावं अशी. ‘ही बाजूला ठेव, चांगली लेन्स घे’ हा सल्ला नवशिक्याला कॅमेऱ्याची पट्टी गळ्यात अडकवायच्या आत मिळतो. पण या लेन्सचं कूळ तपासलं तर ती नुसती काटकसर ठरत नाही. एका नेमक्या अडचणीवर शोधलेलं ते उत्तर आहे, आणि ती अडचण समजली की पुढचे पैसे कुठे घालायचे हेही बऱ्यापैकी ठरतं.

अडचणीचं मूळ फिल्ममध्ये आहे. जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी चालवून २४ × ३६ मिलिमीटरची चौकट घेतली. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि ती चौकट रूढ झाली. पुढे १९५९च्या निकॉन एफसारखे आरशाचे कॅमेरे, त्यांचे माऊंट, त्यांच्या लेन्स, सगळं याच मापावर बेतलं गेलं. डिजिटल युग आलं ते या जुन्या घरातच भाडेकरू म्हणून: कोडॅकचा १९९१चा डीसीएस हा मुळात निकॉन एफ३ होता, १.३ मेगापिक्सेलचा, आणि त्याची साठवणपेटी वेगळी खांद्याला लटकवावी लागे. घर जुन्या मापाचं, पण सेन्सर त्या मापाचा परवडेना. सिलिकॉनच्या चकतीतून चिप जितकी मोठी कापावी तितक्या कमी निघतात आणि प्रत्येकीत दोष सापडण्याची शक्यताही वाढते. म्हणून माऊंट आणि लेन्स तशाच ठेवून सेन्सर लहान केला गेला. परिणामी चित्राच्या कडा कापल्या गेल्या. जी २८ मिलिमीटर लेन्स फिल्मवर अख्खी खोली दाखवायची, ती आता साधारण ४५ची झाली. दूरचं जवळ आलं, पण वाइड गेलं.

कॅननने २००३ मध्ये ईओएस ३००डी आणला तो हे दुखणं ओळखून. लेन्ससह ९९९ डॉलर ही किंमत गाजली, पण खरी करामत माऊंटमध्ये होती. जुन्या लेन्ससाठीच्या लाल ठिपक्याशेजारी तिथे एक पांढरा चौकोन दिसतो. तो ईएफ-एस लेन्ससाठी. एसएलआरमध्ये वाइड लेन्स करणं महाग पडतं, कारण वर उसळणाऱ्या आरशाला वाट देण्यासाठी मागची काच दूर ठेवावी लागते. सेन्सर लहान, म्हणून आरसाही लहान केला. मग मागची काच आत सरकवता आली आणि १८ मिलिमीटर स्वस्तात जमलं. पूर्ण मापाच्या कॅमेऱ्यात हीच काच आरशाच्या वाटेत आली असती. २००५ मध्ये निकॉनच्या डी५०बरोबरही १८-५५च आली.

यावर कोणी म्हणेल, स्वस्त झूम तर फिल्मच्या कॅमेऱ्यांबरोबरही मिळायचा, यात नवं काय? आक्षेप अर्धा खरा आहे. २८चं ४५ करणाऱ्या त्याच १.६ने १८-५५ला गुणलं की सुमारे २९ ते ८८ येतं, म्हणजे पल्ला फिल्मच्या २८-८०चाच. पल्ला वारशाने आला, घडण मात्र नवी करावी लागली. तक्रार करायचीच तर पल्ल्याची नको, उजेडाची करावी. ५५वर या लेन्सचं ॲपर्चर फार तर एफ/५.६ उघडतं. फिल्मच्या काळात बॉडीबरोबर हमखास मिळणारी ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. पुढे १८-५५मध्ये स्टॅबिलायझर आला, पण तो हाताचं थरथरणं आवरतो, पळणाऱ्या पोराला थांबवत नाही.

तेव्हा किट लेन्स राहू द्यावी आणि जोडीला एक उजेडाची लेन्स घ्यावी. ‘मग ५०चीच घेऊ’ हेही डोळे झाकून नको, कारण लहान सेन्सरवर ती ७५-८०ची होते आणि घरात फोटो काढताना पाठ भिंतीला टेकते. जुन्या ५०ची खरी वारस म्हणजे निकॉनची २००९ची, लहान सेन्सरसाठीची डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८. सेकंडहँड घेताना मात्र जपावं: निकॉन डी४०सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे निकॉनचीच जुनी ५० मिलिमीटरची ‘डी’ लेन्स तिच्यावर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. त्यानंतर छताकडे वळवता येणारा फ्लॅश. ट्रायपॉड स्थिर विषयांपुरता. दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतो तो यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळचा अवशेष आहे. फिल्मला अतिनील किरण बाधायचे. सेन्सरपुढे त्यांना अडवणारी काच आधीच असते. पुढच्या काचेला ओरखड्यांपासून जपायला हवा असेल तर घ्यावा, चित्र सुधारण्यासाठी नव्हे.

‘आता आरसाच गेला, मग ही कुळकथा कशाला?’ हा शेवटचा आक्षेप. पण कॅननच्या २०२२च्या आर१० या मिररलेस कॅमेऱ्याबरोबर १८-४५ किट लेन्स येते. सेन्सर लहानच राहिला, म्हणून सुरुवात अजून १८पासूनच होते. आणि दुसऱ्या टोकाला ॲपर्चर एफ/६.३, म्हणजे ५.६पेक्षाही अंधारं.