आंबेडकरी नियतकालिके आणि युनिकोड प्रशिक्षण

शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. १९२० मध्ये बाबासाहेबांचे 'मूकनायक' आले. १९५६ मध्ये त्यांच्या 'जनता'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. आजही समाजाची छोटी नियतकालिके मोजक्या कार्यकर्त्यांच्या बळावर निघतात. त्यांचे डिजिटल प्रशिक्षण युनिकोड टंकलेखनापासून सुरू व्हावे. पुण्याच्या पेठांमधील डीटीपी केंद्रांत अनेक वर्षे मजकूर श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवला गेला. तो तसाच संकेतस्थळावर टाकला तर अक्षरे बिघडतात. पानाचा नुसता फोटो टाकला तर शब्द शोधता येत नाहीत. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणे, पुन्हा मुद्रितशोधन करणे, दिनांक व लेखकाचे नाव नोंदवणे आधी शिकवावे. मोबाइल चित्रीकरण नंतर. शोधून न सापडणारा इतिहास पुढच्या पिढीसाठी नसल्यासारखाच आहे.