लढाई महिन्याची, आणीबाणी पाच वर्षांची

६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या रोखाने निघाले. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालय एका मराठी हस्तलिखिताचा निकाल देत होते. प्रभाकर संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात विनाचौकशी स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी सरकारच्याच परवानगीने ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले आणि प्रकाशनासाठी ते पत्नीकडे पाठवू द्यावे, अशी विनंती सप्टेंबर १९६४ मध्ये केली. सहा महिन्यांनी नकार आला. उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहून पुस्तक निव्वळ शास्त्रीय असल्याची खात्री करून घेतली व ते बाहेर पाठवण्याचा हुकूम दिला, तरी महाराष्ट्र सरकार अपिलात गेले. सरकारचे म्हणणे असे की, स्थानबद्धाला नियमांनी ज्या सवलती दिल्या असतील तेवढ्याच त्याच्या, आणि पुस्तक छापण्याची सवलत त्यांत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी हे अमान्य केले. नियम स्वातंत्र्य बहाल करत नाहीत, ते फक्त मर्यादा घालतात. जिथे मर्यादा घातलेली नाही तिथे तुरुंगातल्या माणसाचा हक्क शाबूत राहतो, असा त्यांचा निर्णय होता.

संझगिरींची विनंती नाकारली गेली तेव्हा कोणते युद्ध चालू होते? ज्या आणीबाणीच्या आधारे ते आत होते ती २६ ऑक्टोबर १९६२ ला चीनच्या आक्रमणामुळे पुकारली गेली. चीनने २१ नोव्हेंबरला शस्त्रसंधी केली. आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. लढाई महिनाभराची आणि तिच्या नावाने घेतलेला अधिकार पाच वर्षांहून अधिक. शत्रू दाराशी असताना सरकारने काही माणसांना अडकवून ठेवले, एवढ्यावरून कुणी त्याला दोष देणार नाही. दोष या अधिकाराच्या बांधणीतच आहे. माणूस धोकादायक आहे की नाही हे सरकारच्या समाधानावर ठरायचे, आणि धोका टळला की नाही हेही त्याच समाधानावर. मग सुटकेची तारीख ठरवणारे दुसरे कुणी उरत नाही.

ही बांधणी इंग्रजांची. दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण कायद्याने वाजवी संशय असलेल्यांना अटकावून ठेवण्याची मुभा दिली होती. त्याखालच्या २६ व्या नियमाने संशयाला आधार असण्याची अटच गाळली आणि सरकारचे समाधान पुरेसे मानले. एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या खटल्यात सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या फेडरल कोर्टाने, नियम कायद्याच्या बाहेर जातो म्हणून तो अवैध ठरवला. सहा दिवसांत वटहुकूम निघाला आणि मूळ कायदाच पूर्वलक्षी रीतीने बदलला गेला. स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये कायदा केला तेव्हा त्याने नावासह हाच साचा उचलला. तुरुंगही जुनेच कामी आले. राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत १९४१ मध्ये श्रीपाद अमृत डांगे आणि जयप्रकाश नारायण यांना इंग्रजांनी डांबले होते. १९६२ च्या अखेरीस त्याच देवळीत माकूम, शिलाँग, दार्जिलिंग इथली चिनी वंशाची कुटुंबे आगगाडीने आणली गेली. दोन ते तीन हजार माणसे. त्यांत म्हातारी होती, तान्ही मुले होती, भारतातच जन्मलेले आणि चीन कधीही न पाहिलेले लोक होते. काहींची सुटका १९६७ मध्ये झाली. तान्ह्या मुलाविषयी कुठल्या गुप्तहेराचा अहवाल असणार?

यावर एक आक्षेप वजनदार आहे. युद्धकाळात संशयाचा पुरावा उघड केला तर माहिती देणारे मारले जातात, आणि सीमेवरचे संकट जोखण्याचे साधन न्यायाधीशांकडे नसते. यातले पहिले खरे आहे, पण त्यावर बंद खोलीतल्या सुनावणीचा उपाय आहे. ब्रिटनने १९४० साली, खुद्द आपल्या बेटावर स्वारीची भीती असताना, स्थानबद्धांना सल्लागार समितीपुढे दाद मागू दिली आणि गृहमंत्र्यांना दरमहा संसदेला अहवाल देणे भाग पाडले. दुसऱ्या मुद्द्याचे उत्तर आपल्याच न्यायालयाने दिले. संझगिरींच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबरला, राममनोहर लोहियांची स्थानबद्धता रद्द झाली; पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश नियमाने घातलेल्या अटींत बसत नव्हता. न्यायाधीशांनी युद्धनीती तपासली नाही. त्यांनी एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला, आणि लाहोर आघाडीचे त्याने काही बिघडले नाही. १९६३ च्या मखनसिंग खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी मूलभूत हक्कांसाठी दाद मागण्याचे दार लावून घेतले होते, तरी आदेश कायद्याबाहेरचा किंवा दुष्ट हेतूचा आहे, एवढे म्हणण्याची फट उघडी ठेवली होती. दोन्ही निकाल त्या फटीतून आले.

पुढे तीही बुजवली गेली. ३ डिसेंबर १९७१ ची युद्धकालीन आणीबाणी ढाक्यातल्या शरणागतीनंतरही उठली नाही. तिच्यावरच १९७५ ची दुसरी चढवली गेली. येरवडा आणि नाशिक रोडचे तुरुंग ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली पकडलेल्या माणसांनी भरले. अनेक उच्च न्यायालयांनी त्यांचे अर्ज ऐकून घेण्याचे धैर्य दाखवले होते, पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी, त्यांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड, अशा माणसाला न्यायालयाचे दार ठोठावताच येणार नाही असे ठरवले. एकटे हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले.

या अनुभवातून संसदेने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती केली. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही तहकूब करता येत नाही. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होते: दोन महिन्यांहून अधिक स्थानबद्धतेला सल्लागार मंडळाची संमती लागेल आणि त्या मंडळावर उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनेच माणसे येतील. ते अमलात केव्हा आणायचे हे ठरवण्याचे काम केंद्र सरकारकडे सोपवले गेले. पक्ष बदलले, पंतप्रधान बदलले. ती अधिसूचना एकाही सरकारने काढलेली नाही.